पाठचा भाऊ

आपल्या भाषेचा माणसाच्या पाठीवर मोठा जीव आहे. दर वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला वाक्प्रचार शिकवताना मी फळ्यावर 'पाठ' हा शब्द लिहितो आणि एकेकाला उभे करतो. पाठ थोपटणे, पाठ धरणे, पाठ फिरवणे, पाठीशी उभे राहणे, पाठीत सुरा खुपसणे. मुले भराभर सांगत जातात. मग मागच्या बाकावरचा एखादा आगाऊ मुलगा 'कविता पाठ करणे' म्हणतो, वर्ग हसतो, आणि तो पाठ निराळा, संस्कृतातल्या पठ् धातूपासून आलेला, ही अंगावरची पाठ पृष्ठापासून आलेली, हे सांगण्याची मला संधी मिळते. (तो पाठ आणि ती पाठ! मराठीच्या प्राध्यापकाच्या आयुष्यात आनंदाचे क्षण हे असे असतात.) अगदी शेवटी एखादी मुलगी हळूच म्हणते, 'पाठचा भाऊ.' आपल्यानंतर जन्मला तो पाठचा, एवढे बोलून मी फळा पुसत असे.

माझ्या पाठचा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घरात त्याला बाळ म्हणतात. चाळिशी जवळ आली, स्वतःची मुलगी सातवीत गेली, तरी ते नाव काही सुटले नाही. मी पुस्तकांच्या वाटेने गेलो आणि तो वडिलांच्या दुकानात बसला. दुकान पेठेत, तसबिरी मढवून देण्याचे. देवादिकांचे फोटो, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. वडिलांनी उभ्या आयुष्यात हजारो तसबिरी मढवल्या, पण स्वतःची एकही नाही. गेल्या वर्षी त्यांना जाऊन वर्ष होत आले तेव्हा त्यांच्या एका जुन्या फोटोची मोठी प्रत मी करून घेतली आणि मढवायला बाळाकडे दिली. घरचे काम, म्हणजे गिऱ्हाइकांची सगळी कामे संपल्यावर, सर्वांत शेवटी. मी तीनदा फोन केला. तिसऱ्या खेपेला जरा चढ्या आवाजात. 'दसऱ्याच्या आत पाहिजे,' म्हणालो.

नवरात्र बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या मापाची काच उतरवायला तो पोटमाळ्याकडे चढला आणि लोखंडी घोडीवरून त्याचा पाय सुटला. पडला तो पाठीवर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचांवर. काचेचा एक बोटभर लांब तुकडा कमरेच्या किंचित वर पाठीत उभा घुसला. दुकानातल्या पोऱ्याने घाबरून तो उपसून काढला. खरे म्हणजे अंगात रुतलेली वस्तू जागच्या जागी ठेवून माणसाला इस्पितळात न्यायचे असते, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा त्या पोऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. जवळच्या दवाखान्यात तीन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, घरी पाठवले. त्या दवाखान्याला मी दोष देत नाही. जखम खरोखरच नखाएवढी होती. उपसलेल्या तुकड्याचे टोक मोडलेले होते, पण तो तुकडा केराबरोबर गेला होता आणि तो कोणी पाहिलाच नव्हता.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा तो पालथा पडला होता. मला पाहून म्हणाला, "दादा, तुझी काच फुटली रे."

पुढचे तीन दिवस त्याला उठून बसले की डोके फुटेल असे दुखायचे आणि आडवे झाले की थांबायचे. पाठीवरची पट्टी सारखी ओली होत होती. सदऱ्यावर एक गोल ओला डाग पडायचा, त्याला रंग नसायचा. मी मोठ्या भावाच्या अधिकाराने निदान केले. म्हटले, ऑक्टोबरचा उकाडा आहे, घाम येणारच. माझ्या भावजयीने दोन दिवस ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी तो सदरा हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. "भाऊजी, घामाला वास असतो. ह्याला नाहीये. आणि घाम एकाच जागी कसा येईल? शिवाय ह्यांची डावी चप्पल पायातून गळून पडते, ती ह्यांना कळतसुद्धा नाही."

तिने दहावीनंतर शाळा पाहिलेली नाही. मी एम.ए. आहे.

मोठ्या इस्पितळात त्याचा सीटी स्कॅन केला. मेंदूवर आणि पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला खोलीत बोलावले आणि पडद्यावर भावाचा कणा दाखवला. पांढऱ्या मणक्यांची उतरंड आणि तिच्या मध्यभागी, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या दरम्यान, एक लहानशी पांढरी रेघ. "ही काच," बाई म्हणाल्या. "दोन सेंटिमीटरला थोडी कमी. दोन मणक्यांच्या मधल्या फटीतून आत गेलीये."

मग त्यांनी सांगितलेले मी येथे माझ्या शब्दांत देतो. आपला मेंदू आणि मज्जारज्जू एका पाण्यात तरंगत असतात. हे पाणी मोठ्या माणसाच्या अंगात एका वेळी साधारण दीडशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या मोठ्या कपाएवढे. रोज पाचशे मिलिलिटरच्या आसपास नवे तयार होते आणि जुने शोषले जाते. भोवती एक मजबूत आवरण असते. ते भेदले गेले की पाणी झिरपते, मेंदूचा आधार उणा होतो आणि म्हणून बसले की डोके दुखते. तो माझा 'घाम' होता. आता मज्जारज्जू काही कण्याच्या तळापर्यंत जात नाही. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली त्याच पाण्यात नुसते मज्जातंतूंचे धागे लोंबत असतात. पूर्वीच्या शरीरशास्त्रज्ञांना तो झुबका पाहून घोड्याची शेपटी आठवली आणि तेच नाव आजही चालते.

"तुमच्या भावाचं नशीब एवढंच की काच त्या खाली लागली," बाई म्हणाल्या. "वर लागली असती तर आज आपण वेगळं बोलत असतो. मज्जारज्जू एकदा तुटला की जोडता येत नाही. हे धागे त्यामानानं दणकट असतात. असं समजा, शेवयांच्या खिरीत काचेचा तुकडा पडलाय. तो काढायचा आणि शेवई तुटू द्यायची नाही."

माझ्या भावजयीने त्या दिवसापासून घरात शेवयांची खीर केलेली नाही.

माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला भीती वाटली की तो वाचू लागतो. त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर बसून मी मोबाइलवर कण्यात घुसलेल्या गोळ्या आणि सुऱ्या यांचा इतिहास वाचत होतो. शहाण्या माणसाने असे करू नये. इजिप्तमधली शस्त्रवैद्यकाची एक फार जुनी पोथी आहे. एडविन स्मिथ नावाच्या माणसाने ती १८६२ साली लक्सरला विकत घेतली म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. तिच्यात अठ्ठेचाळीस रोग्यांची प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी वैद्याचा निवाडा. मान निखळून हातापायांची जाणीव गेलेल्या माणसापुढे त्या वैद्याने लिहून ठेवले आहे की याला उपचार करू नये. त्यानंतर साडेतीन हजार वर्षे उलटली तरी निवाडा फारसा बदलला नव्हता. १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनच्या खांद्यातून शिरलेली गोळी फुप्फुस भेदून कण्यात जाऊन बसली. छातीखाली काही जाणवत नाही, एवढे त्याने आपल्या वैद्याला सांगितले, आणि दोघांनाही त्याचा अर्थ समजला. तीनएक तासांत तो गेला. वैद्याने मागाहून ती गोळी काढली आणि चांदीच्या एका पदकात मढवली. मढवली हा शब्द वाचताना मी थबकलो. ती आज विंडसरच्या राजवाड्यात आहे.

पण मला रात्रभर जागे ठेवले ते जेम्स गारफील्डने.

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे हे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात आले असता चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने मागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत उजवीकडून शिरली, कमरेच्या पहिल्या मणक्यातून गेली आणि डावीकडे स्वादुपिंडामागे जाऊन थांबली. मणक्यातून जाताना तिने मज्जारज्जूला मात्र सोडले. म्हणजे गोळीने माणसाला जवळजवळ माफ केले होते. पण त्या काळच्या डॉक्टरांची समजूत अशी की गोळी आत आहे तोवर रोगी वाचत नाही. ती शोधलीच पाहिजे. आणि शोधायची म्हणजे जखमेत बोट घालायचे. स्टेशनातच न धुतलेली बोटे आत गेली, सळया गेल्या. लिस्टरने जंतुनाशनाचे महत्त्व १८६७ सालीच मांडले होते. पण अमेरिकेतल्या पुष्कळ जुन्या डॉक्टरांचा अदृश्य जंतूंवर विश्वास बसलेला नव्हता. मुख्य डॉक्टर ब्लिस यांना खात्री होती की गोळी उजवीकडेच आहे. क्ष-किरण निघायला अजून चौदा वर्षे होती. तेव्हा, पाचच वर्षांपूर्वी टेलिफोन काढणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू हुडकणारे एक यंत्र घेऊन धावत आला. यंत्र चांगले होते. पण ब्लिस यांनी शोध घेऊ दिला तो उजव्या बाजूचाच, आणि गादीत होत्या लोखंडी स्प्रिंगा. बेल हात हलवत परत गेला.

तीन-चार इंचांची ती जखम शोधाशोधीत हातभर लांबीची, पुवाने भरलेली नळी झाली. गारफील्ड एकोणऐंशी दिवस झिजले आणि १९ सप्टेंबरला गेले. वय एकोणपन्नास. नंतर शरीर उघडून पाहिले तेव्हा दिसले की गोळीभोवती देहाने आपणहून एक पिशवी विणली होती आणि तिला निरुपद्रवी करून ठेवले होते. गिटोने कोर्टात सांगितले की मी फक्त गोळी झाडली, मारले ते डॉक्टरांनी. त्याला फाशी झाली ती योग्यच झाली. पण त्याचे ते बोलणे वैद्यकाच्या इतिहासकारांना आजही सर्वस्वी उडवून लावता येत नाही. भोक पडलेला तो मणका मेरीलँडमधल्या एका संग्रहालयात अजून ठेवलेला आहे.

पहाटे हे वाचून मी भावाच्या खाटेकडे पाहिले. तो पालथा झोपला होता. उद्या त्याच्याही पाठीत कोणीतरी काहीतरी शोधणार होते.

आणि मग मला मुरलीकांत पेटकर आठवले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा गडी सैन्यात होता, मुष्टियुद्ध खेळत असे. १९६५ च्या युद्धात सियालकोटच्या आघाडीवर त्याला गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग गेले. एक गोळी कण्यात राहिली ती राहिलीच. ती गोळी अंगात घेऊनच हा माणूस पोहायला शिकला आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक घेऊन आला. भारताला त्या स्पर्धांत वैयक्तिक सुवर्ण मिळाले ते पहिले. सरकारला त्याला पद्मश्री द्यायची आठवण २०१८ साली झाली. २०२४ साली त्याच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. म्हणजे गोळी आत ठेवूनही माणूस असा जगू शकतो!

सकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी सगळा वकिली युक्तिवाद तयार ठेवला होता. गारफील्डची गोळी डॉक्टरांनी शोधली नसती तर ते जगले असते. पेटकरांची तशीच ठेवली आणि ते पोहले. "तर बाई, ही काच काढलीच नाही तर?"

खरे सांगायचे तर हा युक्तिवाद नव्हता. काच माझ्या कामासाठी उतरवताना घुसली होती, आणि आता ती काढताना आणखी काही बिघडले तर तेही माझ्याच खात्यावर जमा होणार, ही भीती बोलत होती. बाईंना ते दिसले असावे. त्यांनी खुर्ची ओढली.

"सर, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कण्यात गोळी आहे म्हणून आम्ही ती काढायला धावत नाही. बहुतेक वेळा ठेवतो. गोळी एकदा बसली की बसली, शरीर तिच्याभोवती भिंत घालतं. मज्जारज्जू आधीच तुटला असेल तर गोळी काढल्यानं पाय परत येत नाहीत, उलट जंतू शिरायला वाट होते. पण तुमची केस वेगळी आहे. एक तर पाणी थांबत नाहीये. आज ते बाहेर येतंय, उद्या त्याच वाटेनं जंतू आत गेले तर मेंदूच्या आवरणाला सूज येईल. दुसरं, पाय कालच्यापेक्षा आज हलका पडलाय, मी सकाळीच पाहिलं. आणि तिसरं म्हणजे काच ही गोळी नाही. तिला धार आहे. हा दर वेळी कुशीवर वळतो तेव्हा ती शेवयांत फिरते."

यावर माझ्यापाशी इतिहासातले काही नव्हते.

त्याच सुमारास आमचे एक दूरचे मामा आले. त्यांचे मत असे की एकदा उघडायचेच तर पाठ चांगली हातभर उघडून स्वच्छ पाहून घ्यावे. 'भोकातून ऑपरेशन' हे त्यांना दुकानाच्या शटरखालून सौदा केल्यासारखे वाटत होते. ही समजूत त्यांची एकट्याची नव्हे. पूर्वीची रीत तशीच होती आणि कण्याचा बराचसा भाग मोकळा करायचा असेल किंवा मणके ढिले झाले असतील तर आजही तसेच करावे लागते. पाठीचे स्नायू हाडापासून दोन्ही बाजूंनी सोडवायचे, ताणून धरायचे, काम करायचे, पुन्हा शिवायचे. रोगी पुढे कित्येक आठवडे कण्हतो तो आतल्या जखमेने नव्हे, तर तिथवर पोचण्यासाठी केलेल्या जखमेने.

बाईंनी टेबलावरचे माझे पेन घेतले. रिफिल काढली आणि बोटांत उभी धरली. "ही पहिली सळई. क्ष-किरणांचं एक चंद्रकोरीसारखं यंत्र असतं, त्याच्यात बघत ही सळई नेमक्या जागी टेकवायची." मग रिफिलीवर पेनाची नळी चढवली. "हिच्यावर दुसरी, जराशी जाड." नळीभोवती कागदाची सुरळी गुंडाळली. "तिच्यावर तिसरी, मग चौथी. दर वेळी स्नायूंचे धागे कापायचे नाहीत, बाजूला सारायचे. केसांत भांग पाडतो ना, तसं. शेवटची नळी साधारण बावीस मिलिमीटरची, रुपयाच्या नाण्याएवढं तोंड. मग आतल्या सगळ्या काढून घ्यायच्या आणि त्या नळीतून सूक्ष्मदर्शकानं बघत काम करायचं. बाहेर काप इंचभर. नळी काढली की स्नायू आपोआप मिटतात. आत पोकळी राहत नाही, म्हणून पाणी साठायलाही जागा कमी राहते." अमेरिकेत फोले आणि स्मिथ या दोघांनी १९९७ साली, सरकलेली गादी काढण्यासाठी ही नळीची रीत मांडली, काचा आणि गोळ्या तिच्यातून काढणे हे त्यानंतरचे. बाईंनी आणखी एक सांगितले, ते मला आवडले. आवरणाला पडलेली चीर नळीतून शिवता आली नाही किंवा काच हाती लागली नाही, तर त्या तिथेच हट्ट धरून बसणार नव्हत्या. काप वाढवणार होत्या. "लहान काप ही काही शर्यत नाही."

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने विचारले, "आणि काच धरून ओढणार कशी?"

"ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं, आजी. वाकडी न करता. आधी तिच्याभोवतीचं मोकळं करायचं, ती कुठल्या दिशेनं गेलीये ते बघायचं, आणि मग त्याच रेषेत मागे."

"म्हणजे बाभळीचा काटा काढतात तसं," आई म्हणाली. "मग हे मला येतं की!"

खरोखरच तिला येते. लहानपणी आजोळी दोघांच्या पायातले किती काटे तिने काढले असतील याला गणती नाही. सुई दिव्यावर धरायची, पाय मांडीवर घ्यायचा आणि आधी नुसते पाहत बसायचे. आम्ही ओरडायचो, 'काढ ना!' ती म्हणायची, 'थांब, कुठून गेलाय ते बघू दे.' आमच्या काकूला एवढा धीर नसे. ती सरळ टोकरायला लागायची, काटा आत मोडायचा आणि पाय आठवडाभर सुजायचा. गारफील्डला डॉक्टर ब्लिसऐवजी माझी आई मिळाली असती तर, असा एक वेडगळ विचार माझ्या मनात येऊन गेला.

अष्टमीच्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. अडीच तास लागले. त्या अडीच तासांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. भावजय पोथी उघडून बसली होती आणि तिने एकदाही पान उलटले नाही. मी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या; बावीस होत्या.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात औषधाची एक छोटी पारदर्शक बाटली होती. तिच्यात आमची काच. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी लांब, एका बाजूने तिरपी. दुकानात अशा तुकड्यांचा रोज केर निघतो. "एक धागा थोडा चिरलाय," त्या म्हणाल्या. "बाकीचे नुसते दुखावलेत. आवरण शिवलं, वरून चिकटद्रव्यही लावलं. पाणी थांबलंय."

पुढचे दोन दिवस त्याला अगदी सपाट निजवून ठेवायचे होते. कुशीवर करायचे तर दोघांनी मिळून, डोक्यापासून पायापर्यंत एका ओळीत, ओंडका वळवावा तसे. रात्री परिचारिकेबरोबर दुसरा माणूस मी. दर दोन तासांनी तिची हाक यायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, नाझींच्या तावडीतून निसटून इंग्लंडला आलेल्या लुडविग गुटमन या ज्यू डॉक्टरने १९४४ साली स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात कण्याला जखम झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला. त्याआधी असे सैनिक बहुधा काही महिन्यांत जात. कण्याच्या जखमेने नव्हे, पाठीवर पडणाऱ्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी. गुटमनचा मुख्य उपाय साधा होता: दर दोन तासांनी माणसाला वळवायचे, रात्रीसुद्धा. त्याच इस्पितळाच्या आवारात २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना, त्याने चाकांच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा लावली. पेटकर ज्या हायडेलबर्गला पोहले, ती वाट येथून निघाली होती. पण रात्री तीन वाजता झोपेने डोळे मिटत असताना भावाच्या खांद्याखाली हात घालून वळवताना मला यांतले काहीही आठवत नसे. आठवायचे ते एवढेच, की तो लहान असताना अंथरुणात माझ्याकडे पाठ करून निजायचा आणि थंडी वाजली की मागे सरकत सरकत माझ्या पोटाला चिकटायचा.

तिसऱ्या रात्री अंधारात तो म्हणाला, "दादा, तू इतका गप्प का?"

"तुला मी घाई केली म्हणून," मी म्हणालो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "घोडीचा खालचा पाय दोन महिने डुगडुगत होता. मला माहीत होतं." आणि थोड्या वेळाने, "पण तू तीनदा फोन करायला नको होतास."

कोजागिरीला तो घरी आला. पायाला एक प्लॅस्टिकचा आधार, व्यायामाचा कागद. दुखावलेले तंतू काही आठवड्यांत जागे होतात. चिरलेला तंतू वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. मी पट्टीने कमरेपासून गुडघ्याखालच्या स्नायूपर्यंतचे अंतर मोजले. सातशे मिलिमीटर भरले. सातशे दिवस! बाळ म्हणाला, "ठीक आहे. गिऱ्हाइकांना मी नेहमी दहा दिवस जास्तच सांगतो."

आता त्याला वर्ष झाले. पाठीवर इंचभराची एक फिकट रेघ आहे, दाखवल्याशिवाय दिसत नाही. डोकेदुखी नाही. दुकानात नवी, रुंद पायांची ॲल्युमिनियमची घोडी आली. प्लॅस्टिकचा आधार सुटला. पण डावे पाऊल अजून पूर्ण उचलले जात नाही. दमला की अधिकच. त्यामुळे आमच्या जिन्यावर कोण येते आहे ते मला दार उघडण्याआधी कळते. उजव्या चप्पलचा आवाज निराळा, डावीचा निराळा.

गेल्या आठवड्यात तो आवाज आला. बाळ घामाघूम होऊन वर आला. (या वेळी घामच होता, मी सदरा मागून पाहून घेतला.) काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर. दोरी सोडून त्याने ती भिंतीशी उभी केली. वडील, पांढरी टोपी, दुकानात बसायचा तोच सदरा. सागवानी चौकट, कोपरे जुळवलेले असे की नख जाणार नाही.

"काच नाही घातली," तो म्हणाला. "ॲक्रिलिक आहे. बघ फरक कळतो का."

मी चष्मा लावून जवळ गेलो. फरक कळत होता. वडिलांनी हे बसवू दिले नसते.

"नाही कळत," मी म्हणालो.

"तुला कळणारच नाही," बाळ म्हणाला आणि खिळा कुठे ठोकायचा ते पाहायला खुर्चीवर चढू लागला. मी खुर्ची दोन्ही हातांनी धरून ठेवली.